डाव्या बाजूची सीट

सर्जेरावला धाकट्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नव्हतं. आपण हे पोटात नीट दाबून ठेवलंय, कुणाला पत्ता नाही, असं त्याला वाटायचं. टेंभुर्णीत मात्र हॉटेलात कप विसळणाऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मिथुनची पिकअप फाट्यावरून गेली की लोक आधी गाडीकडे बघायचे आणि मग सर्जेरावच्या तोंडाकडे.

गाडीत तसं जळण्यासारखं काही नव्हतं. सोळा वर्षांची जुनी पिकअप, तीन मालकांनी वापरून सोडलेली. मीटर बंद, उजव्या बाजूची काच वर जायची नाही. पण मिथुन त्या गाडीत मेंढ्या-बकऱ्या भरून आठवड्याचे बाजार करायचा आणि डाव्या बाजूच्या सीटवर त्यांची आई, गोपिकाबाई, खिडकीबाहेर कोपर काढून बसायची. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला नुसती मान हलवून रामराम करायची. गाडीच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आईचा आशीर्वाद’. ते वाचलं की सर्जेरावच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई काय याच्या एकट्याची आहे?

वडील, रायभान, वारले आणि दोघं भाऊ वेगळे झाले, तेव्हा सर्जेरावने आईसाठी वेगळी खोली बांधली होती. फरशी घातली, नवा पंखा लावला. गोपिकाबाई खोली बघून आली आणि म्हणाली, “मेंढराचा वास आल्याबिगर मला झोप येत न्हाई बाबा. मेंढरं मिथुनकडं, मंग मीबी तिकडंच ऱ्हाते.” झालं. त्या खोलीत आता सर्जेरावच्या बायकोने, रेणुकाने, कांदे पसरले होते. पंख्याखाली कांदे छान टिकतात, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि दर वेळी सर्जेरावच्या काळजात कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

त्याचं गॅरेज फाट्यावर होतं. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली एक बाज. शटरच्या वर वडिलांचा फोटो, वाळून काळी पडलेली लिंबू-मिरची आणि तिच्या शेजारी धुरानं, तेलानं कोळशासारखी झालेली एक जुनी पुरचुंडी. वीस वर्षं हे सगळं तिथंच होतं. गिऱ्हाईक तुटून पडायचं असं नाही, पण ‘सर्जेरावच्या कानाला लागत नाही असा आवाज नाही’ एवढं नाव त्याने कमावलं होतं. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

कारण होळीनंतरच्या त्या गुरुवारी सकाळी मिथुनने पिकअप गॅरेजसमोर उभी केली आणि खाली उतरून म्हणाला, “दादा, गाडी ठकठक करून राह्यली. मधीच वाजते, मधीच गप्प.”

“कवापासून?”

“संक्रांतीपासून.”

“आन आज आलास?”

मिथुनने चपलेनं माती उकरली. “जालन्याला गेल्तो. अकिबकडं.”

अकिब म्हणजे सर्जेरावच्या उस्तादांचा नातू. जालन्यातल्या मस्तगडच्या ज्या गॅरेजात सर्जेराव सिराजोद्दीन उस्तादांच्या हाताखाली घडला, ते केव्हाच बंद झालं होतं. नातवानं स्टेशनाकडे मोठं गॅरेज काढलं होतं. गाडी वर उचलणारं मशीन, दोष सांगणारा कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाला बसायला सोफा. सख्खा भाऊ फाट्यावर बसलेला असताना मिथुन पंचेचाळीस किलोमीटर जाऊन त्या सोफ्यावर बसून आला होता.

“तीन डाव गेल्तो,” मिथुन म्हणाला. त्याला बहुतेक वाटलं, खरं सांगितलं की राग कमी होतो. “त्यानं इंजिनाची माउंटिंगं बदलली, मंग पाट्यांचे बुश बदलले, मंग पुढचे शॉकअप. दर टायमाला तो फिरवून बघायचा, बिलकुल आवाज न्हाई. मी गाडी घेऊन निघालो की तिथल्या पुलाच्या आत ठकठक सुरू.”

“अन् आता माही आठवण झाली.”

“उद्या अकरा वाजता कंपनीत गाडी दाखवायची हाय दादा. बियाण्याच्या गोण्या दुकानादुकानी पोचवायच्या. बाराही म्हैने काम. त्यांचा मानूस गाडी एकटाच फिरवून बघतो. त्याला ठकठक ऐकू आली की संपलं. माह्यामागं चार गाड्या लायनीत उभ्या हाईत.” मिथुन थांबला. “चराई राह्यली न्हाई आता. हे काम न्हाई भेटलं तर मेंढरं काढावी लागतील.”

डाव्या दारातून गोपिकाबाई सावकाश उतरली, लिंबाखालच्या बाजेवर बसली आणि कनवटीची चंची सोडून तंबाखू मळायला लागली. दोन्ही मुलांना ती तिथून बरोबर दिसत होती.

सर्जेरावच्या मनात हिशेब न करताही चित्र उभं राहिलं. मिथुन कंपनीचा माणूस. गाडीवर कंपनीचा बोर्ड. आणि शेजारी आई, त्या बोर्डाच्या वर, खिडकीबाहेर कोपर काढून. त्याचं तोंड कडू झालं. “बस बाजूला,” तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

जाफराबाद रोडला जाऊन तो परत आला. खड्ड्यातून घातली, गतिरोधकावरून आदळली, डावीकडे-उजवीकडे पिळून वळवली. मिथुन शेजारी बसलेला. एकदासुद्धा वाजली नाही.

“बघ,” मिथुन रडकुंडीला येऊन म्हणाला, “अकिबकडंबी अशीच करते.”

“आता तू एकटा घेऊन जा. मी हितं उभा ऱ्हातो.”

मिथुन एकटा गेला आणि वळून आला. गॅरेजच्या तोंडाशी रस्ता फुटलेला होता, तिथे गाडी आली आणि सर्जेरावला ऐकू आलं. ठक. मग थांबून, ठक ठक. दाट, बसका आवाज. कुणीतरी बंद दारावर बेताने वाजवावं तसा.

त्यानंतर दीड तास सर्जेराव गोणपाट टाकून गाडीखाली होता. चाकांवरचे लोखंडी पाटे बघितले, पाट्यांच्या कड्या बघितल्या, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून बघितला. सायलेन्सरचं रबर, स्टेपनीची साखळी, हौद्याचे बोल्ट, सगळं ओढून, ठोकून पाहिलं. अकिबनं बसवलेले बुश त्याने मुद्दाम बॅटरी मारून तपासले. काम स्वच्छ होतं. बोल्ट बरोबर आवळलेले, जादा ग्रीस पुसून घेतलेलं. खोट काढायला जागाच ठेवली नव्हती पोरानं, आणि याचाही सर्जेरावला राग आला.

तो बाहेर आला तेव्हा मिथुन आईजवळ बाजेवर बसला होता. आईने त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले होते. चाळीस वर्षांचा घोडा, आणि आई त्याला शेंगदाणे सोलून देत होती.

“सापडलं का दादा?”

सर्जेराव हात पुसत राहिला.

“एक सांगू का,” मिथुन म्हणाला, “माय गाडीत असली की वाजतच न्हाई. मी लई डाव बघितलं. मायचीच पुण्याई म्हणायची, दुसरं काय.” आणि त्याने आईकडे बघून असं काही तोंड केलं, की सर्जेरावच्या डोक्यात काहीतरी सटकलं. लोखंडाची गाडी, तीसुद्धा आई मिथुनजवळ असली की गप्प बसते! आता लोखंडानंही बाजू घ्यायला सुरुवात केली होती.

“बेरिंग गेलंय,” तो म्हणाला.

“काय?”

“इंजिनाच्या आतलं बेरिंग. इंजिन उतरवावं लागंल. आठ दिवस धर.”

मिथुनचा चेहरा पडला. शेंगदाणे त्याच्या हातात तसेच राहिले. “आन उद्या?”

“उद्या काय न्हाई व्हत.”

सर्जेरावला पोटात गार वाटलं. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटलीही. पण आधी गार वाटलं, हे खरं आहे. बेरिंगचा आवाज रेस दिली की वाढतो, रस्त्यातल्या खड्ड्याची वाट बघत बसत नाही, हे त्याला मस्तगडला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला उशिरा गाडी दिली होती, दोन शिव्याही दिल्या होत्या, पण नसलेला बिघाड कधी सांगितला नव्हता. पहिल्यांदा सांगितला तो सख्ख्या भावाला.

गोपिकाबाईचा अंगठा तळहातावरच्या तंबाखूवर थांबला होता. ती सर्जेरावकडे बघत होती.

मिथुन उठला. खिशातला फोन काढून त्याने हातात फिरवला, परत खिशात घातला. “मंग दादा, जल्दी जालन्यालाच नेतो. इंजिन उघडायचंच हाय तर अकिबच्या हातानं उघडू. मशिनी हाईत त्याच्याकडं. तुला कशाला तरास?”

हे ऐकलं आणि सर्जेरावचं गार झालेलं पोट पुन्हा पेटलं. अकिब इंजिन उघडणार, बेरिंग धडधाकट निघणार, आणि सोफ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणणार, दादाजान के शागिर्द ने बोला था क्या ये? तो आवाज अकिबला सापडला नव्हता ही एकच गोष्ट सकाळपासून सर्जेरावला गोड लागली होती. तीही मिथुन त्याच्या हातातून काढून अकिबच्या हातात द्यायला निघाला होता.

“चावी आन इकडं,” तो म्हणाला.

“पन तू तर...”

“आन म्हनलं ना.”

चावी मुठीत धरून तो दोन मिनिटं लिंबाला टेकून उभा राहिला. सिराजोद्दीन उस्ताद गाडीला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला बसवून घ्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. “कब बजता है, ये सब पूछते. तू पूछ, कब नै बजता.” बाकीचे मिस्त्री त्यांना हसायचे. पण न सापडणारा आवाज त्यांना हमखास सापडायचा. इतका साधा प्रश्न आपण सकाळपासून विचारला नाही, कारण आपल्याला आवाज शोधायचाच नव्हता, हे सर्जेरावला कळलं.

“मिथुन, कवा वाजत न्हाई?”

“माय असली की न्हाई.”

“आनखी?”

मिथुनने आठवून सांगितलं. “अकिब चालवायचा तवा न्हाई. मी बाजूला बसायचो. मघाशी तू चालवली तवा न्हाई.”

“तवाबी तूच बाजूला होतास.”

“व्हय.”

“मेंढरं भरल्यावर?”

“मेंढरं असतानी माय असतेच की.”

सर्जेराव काही क्षण त्या डाव्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जा, घरी जाऊन दोन घास खाऊन ये. तुही वहिनी भाकरी टाकून राह्यली.” मिथुनचे पाय निघत नव्हते, पण मोठ्या भावाचा आवाज आता मिस्त्रीचा झाला होता. तो मागच्या गल्लीतल्या घराकडे गेला.

सर्जेरावने शेजारच्या दुकानातून सरकीपेंडीचं एक पोतं उचलून आणलं आणि आईच्या जागेवर बसवलं. एकटाच गाडी घेऊन फुटक्या रस्त्यावर गेला. गाडी गप्प. पोतं उतरवलं, पुन्हा त्याच रस्त्यानं गेला. ठक. ठक ठक.

म्हणजे पुण्याई आईची नव्हती, वजनाची होती. पेंडीच्या पोत्यातही तेवढीच होती. हे कळल्यावर त्याला इतकं बरं वाटलं, की तो एकटाच गाडीत हसला. गाडी त्याने गॅरेजात घेतली, डाव्या सीटचे बोल्ट सोडले आणि सीट उलटी केली.

सीटच्या स्प्रिंगला सुतळीनं एक पुरचुंडी बांधली होती. सुतळी झिजून लांबली होती आणि पुरचुंडी खालच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर लोंबत होती. कुणी वर बसलं की स्प्रिंग दबून ती पत्र्यावर टेकायची आणि गप्प व्हायची. सीट रिकामी असली आणि खड्डा आला की झोका घेऊन पत्र्यावर आदळायची. दोन महिने, तीन वेळा अकिबचं गॅरेज, आणि हे एवढंसं.

त्याने पुरचुंडी सोडली. आत मीठ होतं, दगडासारखं झालेलं. मोहरी होती, एक बिबा होता, आणि घोड्याच्या पायाची झिजलेली नाल. नाल त्याने लगेच ओळखली. वडिलांच्या घोडीची, चंद्रीची. मेंढरांच्या वाड्याचं बिऱ्हाड वाहायची ती. डांबरी रस्त्यानं खूर झिजायला लागले तेव्हा वडिलांनी तिला चारी पायांना नाल ठोकून घेतली होती. मग त्याने फडकं उलगडलं.

खाकी शर्टाची बाही होती. कोपराजवळ फाटलेली आणि हिरव्या दोऱ्यानं शिवलेली. खाकी दोरा संपला म्हणून रेणुकानं हिरव्यानं शिवलं होतं आणि त्यावरून त्याने तिला बोल लावला होता. खांडेनवमीला आईने गाडी पुसायला म्हणून रेणुकाकडून जुना शर्ट मागून नेला होता, तो हा.

अशी पुरचुंडी कशाला बांधतात हे टेंभुर्णीत शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतं. दृष्ट लागू नये म्हणून. मीठ, मोहरी, बिबा, लोखंड कुठलंही चालतं. फडकं मात्र कुठलंही चालत नाही. ज्याच्या दृष्टीची भीती असते, त्याच्याच अंगावरच्या कपड्याचं लागतं.

तो बाजेजवळ गेला आणि ते सगळं त्याने आईच्या पुढ्यात ठेवलं.

“हीच वाजत होती व्हय?” गोपिकाबाईने नाल उचलून पाहिली. तिला आश्चर्य वाटलं होतं ते एवढ्याचंच. “मला वाटलं, घट बांधली.”

“माहा शर्ट हाय हा.”

“व्हय.”

“माही दिष्ट लागंल म्हणून बांधली?”

“व्हय.”

आईनं थोडं तरी खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. दुसऱ्या कुणाची म्हण, चुकून बांधली म्हण, रेणुकानं दुसरा शर्ट दिला म्हण. पण गोपिकाबाईला तसली सवय नव्हती. “मघाशी त्याच्या इंजिनाचं बेरिंग काढून दिलंस ना त्याच्या हातात,” ती म्हणाली. “मला इंजिनातलं काय कळत न्हाई सर्ज्या. तुहं तोंड कळतंय.”

सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने आईसमोर रडू नये म्हणून सर्जेराव ओरडला. “त्याच्या गाडीला जपतेस, त्याला शेंगदाणे सोलून देतेस, त्याच्याच घरात ऱ्हातेस! त्याच्या गाडीवर तुहा आशीर्वाद. आन माह्यासाठी काय केलंस माय? खोली बांधली, पंखा लावला, एक दिवस आलीस का झोपायला? माही दिष्ट लागती! मला कुनाची लागत न्हाई का?”

गोपिकाबाईने तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली आणि त्याच बोटाने शटरच्या वर दाखवलं.

“ती काय हाय मंग?”

सर्जेरावने वर बघितलं. लिंबू-मिरचीशेजारची काळी पुरचुंडी. “ती रेणुकानं बांधली.”

“गॅरेज उघडलं तवा तुहं लगीन तरी झाल्तं का?”

नव्हतं झालं. हे वीस वर्षांत त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याने तेलाचा रिकामा ड्रम ओढला, वर चढला आणि पुरचुंडी काढून घेतली. वीस वर्षांच्या तेलकट काजळीनं तिची गाठ सुटेना, शेवटी पान्याच्या टोकाने सोडवली. मीठ. मोहरी. बिबा. चंद्रीची दुसरी नाल. फडकं बाहेरून काळंकुट्ट होतं, पण आतली घडी अजून पांढरी होती. शाळेच्या शर्टाची लहानशी बाही.

“हे कुनाचं?”

“मिथुनचं.”

सर्जेराव ड्रमवरच बसला. आणि त्याला जे वाटलं ते सांगायला हवं, कारण तो माणूस तसाच होता. त्याला आनंद झाला. असा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. मिथुन त्याच्यावर जळत होता! मिथुन, त्याच्यावर!

“काहून जळायचा माय?” त्याने विचारलं. पंगतीत जिलबी पुन्हा मागावी तसं विचारलं. “काय म्हनायचा? आन अगोदर कोनाची बांधलीस? माही ना?”

“तुहीच. त्याच्या गाडीची तर आत्ता दसऱ्याला.”

“बघ!” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

“म्हनायचा काय न्हाई,” गोपिकाबाई म्हणाली. “म्हनला असता तर बरं झालं असतं. तुला मस्तगडला धाडलं तवा सहावीत होता त्यो. तुह्या बापाला मेंढरामागं एक पोरगं लागत होतं. तू गेलास, मंग त्याची शाळा सुटली. तू नवीन खाकी घालून यष्टीत बसलास. हे लेकरू रडलं न्हाई. बाही तोंडात धरून उभं राह्यलं. रात्री शर्ट काढला तवा बाही दातानं फाटली होती. ती मी ठुली. गॅरेजचा नारळ फुटला तवाबी तसंच तोंड करून उभा होता बग मागं. मंग बांधली.”

सर्जेरावने बाही उजेडात धरली. कडेला बारीक भोकं होती, ओळीनं, आणि एका जागी कापड ओरबाडून निघालं होतं.

त्याला तो दिवस आठवत होता. कधी विसरलाच नव्हता. एसटीच्या खिडकीतून त्याने मागे वळून पाहिलं होतं, मेंढरांच्या घोळक्यात मिथुन उभा होता, आणि त्याने तोंडावर हात धरला होता. सर्जेरावला वाटलं होतं, पोरगं हसतंय. आपण गेलो, आता आई याच्या एकट्याची, म्हणून हसतंय. मस्तगडला पहिले कित्येक महिने तो त्या हसण्यावर चिडून झोपला होता. अठ्ठावीस वर्षं त्याने ते हसणं जपून ठेवलं होतं, आणि ते हसणं नव्हतंच.

मघाचा आनंद कुठे गेला ते त्याला कळलं नाही.

“माय, ह्या काढून टाकू का दोनी?”

“काढू नको,” गोपिकाबाई म्हणाली. “तुमचा दोघांचाबी भरवसा न्हाई.”

मग सर्जेरावने काम केलं. लहान बाहीत नाल गुंडाळून, होती तशी घडी घालून पुरचुंडी शटरवर बांधली. खाकी बाहीची पुरचुंडी त्याने जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्टीत आवळली, स्प्रिंगच्या चौकटीला आडवी, तारेने दोन ठिकाणी जखडली आणि हाताने हलवून बघितली. केसभर हलली नाही. स्वतःच्या दृष्टीचा बंदोबस्त इतका पक्का दुसऱ्या कुणी केला नसता. सीट परत बसवून त्याने बोल्ट आवळले.

मिथुन आला तेव्हा तो नीट जेवलेला दिसत नव्हता.

“दादा?”

“सापडलं. सीटखाली ढिलं होतं. आवळलं.”

“आन बेरिंग?”

सर्जेराव त्याच्या तोंडाकडे बघत होता. चाळिशीच्या त्या रापलेल्या तोंडात त्याला सहावीतलं पोरगं दिसतंय का, हे तो शोधत होता. “बेरिंग बराबर हाय,” तो म्हणाला. “मीच खोटं सांगितलं.”

मिथुनने एकदा आईकडे पाहिलं, एकदा भावाकडे. त्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. त्याची ती जुनीच खोड होती. मग तो म्हणाला, “तीन डाव गेल्तो अकिबकडं. त्याला न्हाई सापडलं. तुला सापडलं.”

“आता हात धू, पानी पी,” सर्जेराव म्हणाला.

पाणी पिऊन मिथुनने चावी घेतली. “चल माय, निघू. दुपार झाली.” गोपिकाबाईने चंची कनवटीला लावली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

“माय नको,” सर्जेराव म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

“सीट रिकामी पायजे. माय बसली तर वाजतंय का न्हाई ते कळनार कसं? तू एकटा जा, पुलापोतर जाऊन ये. आमी हितं ऐकतो.”

मिस्त्रीचं बोलणं होतं आणि खोटं नव्हतं. मिथुन एकटाच गाडीत चढला. सर्जेराव येऊन बाजेवर आईशेजारी बसला. तिच्या ओंजळीत अजून थोडे शेंगदाणे होते. तिने दोन सोलले आणि न बघता त्याच्या हातावर ठेवले.

पिकअप फुटक्या रस्त्यावर उतरली. खड्ड्यात गेली, वर आली, पुन्हा गेली. मागच्या फळीवरची पिवळी अक्षरं हलत हलत लांब गेली. पुलापाशी वळून गाडी परत आली, शेडसमोरच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यातून धाडकन गेली. आवाज नाही. मिथुनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, सगळे दात दिसत होते.

“न्हाई वाजत,” गोपिकाबाई म्हणाली आणि उठण्यासाठी तिने सर्जेरावच्या खांद्यावर हात ठेवला.

सर्जेरावने तो हात तसाच धरून ठेवला.

“अजून एक चक्कर मारून ये रे!” त्याने मिथुनला ओरडून सांगितलं. “ह्या टायमाला पार जाफराबादपोतर जा!”